न बसणाऱ्या नळ्या

मर्ल डिटमर बारा वर्षं दर रविवारी बेल्फर्डच्या धावपट्टीवर राबत होता, आणि त्या बारा वर्षांत एकदाही कुणी त्याला "चल, बस गाडीत" म्हटलं नव्हतं.

पट्टी पाव मैलाची. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहायच्या, दिवा हिरवा झाला की सुटायच्या आणि बारा-तेरा सेकंदांत काय तो निकाल लागायचा. मग मर्ल पिवळं जाकीट सावरत पळायचा. सांडलेलं तेल भुशाने टिपायचा, गळून पडलेले बोल्ट वेचायचा, झाडू मारायचा. फुकटात. बदल्यात त्याला कुंपणाच्या आत उभं राहायला मिळे, एवढंच. बाकीचे सहा दिवस तो गावाबाहेरच्या मक्याच्या कोठारावर कामाला. ट्रक आला की खालची जाळी उघडायची, दाणे आत सोडायचे आणि संध्याकाळी कानानाकात धूळ घेऊन घरी यायचं.

वय एकेचाळीस. उंच, खांद्यात वाकलेला, लग्न नाही. कुणी काही विचारलं की उत्तर देण्याआधी तो प्रश्न पुन्हा एकदा स्वतःशीच म्हणायचा. "मर्ल, पाऊस पडेल का रे?" "पाऊस पडेल का... पडेल बहुतेक." शाळेतल्या पोरांनी दुसरीतच त्याचं नाव पोपट ठेवलं होतं. त्या पोरांना आता टक्कल पडलं होतं, पण नाव काही सुटलं नव्हतं.

सत्त्याहत्तर सालच्या मार्चमध्ये त्याची आई हिल्डा गेली. घर मर्ल आणि त्याची थोरली बहीण वेल्डा या दोघांच्या नावावर आलं आणि गाडी एकट्या मर्लला मिळाली. छप्पन सालची, दोन दारांची, फिकट हिरवी शेवरले. याच गाडीतून त्याने आईला वीस वर्षं चर्चला नेलं होतं आणि शेवटची दोन वर्षं दवाखान्यात. आतल्या बैठकीला अजून तिच्या पावडरचा वास होता.

वेल्डा गावातल्या लाँड्रीत इस्त्री करायची. तिची जीभही इस्त्रीसारखीच, तापलेली. ती म्हणाली, "विकून टाक. म्हातारीची गाडी, म्हाताऱ्यासारखी खोकते. मिळतील ते पैसे घे."

मर्लच्या मनात दुसरंच होतं. तो गार्थ बेन्केच्या गॅरेजात गेला.

गार्थची गाडी तीन वर्षं पट्टीवर कुणाला हरली नव्हती. शर्यतीआधी गाड्या तपासून पट्टीवर सोडायचं कामही त्याच्याकडेच होतं. रुंद छातीचा, गोरापान, हसला की सगळं गॅरेज त्याच्याबरोबर हसायचं. मर्ल दारात टोपी काढून उभा राहिला.

"गार्थ, मला पण धावायचंय. आईच्या गाडीत मोठं इंजिन बसेल का?"

गार्थने हातातला पाना खाली ठेवला. मागे काम करणारी दोन माणसं थांबली. गार्थच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही.

"बसेल का म्हणजे? अरे, तुझी गाडी मोठ्या इंजिनासाठीच जन्माला आलीय. इतकी वर्षं कुठे होतास तू?"

इतकी वर्षं तो तिथेच होता, कुंपणाच्या आत, झाडू घेऊन. पण मर्लला ते आठवलं नाही. त्याला एवढंच ऐकू आलं की गार्थ बेन्के आपल्याशी नीट बोलतोय.

इंजिन गार्थनेच दिलं, एका उलटलेल्या ट्रकमधलं, आणि त्याबरोबर हेडर्सची जोडी. मोठ्या इंजिनाचा जळका धूर झटकन बाहेर पडायला हवा, त्यासाठी आठ सिलिंडरना आठ वेगळ्या नळ्या. चार डावीकडे, चार उजवीकडे. प्रत्येक नळी आपापल्या वळणाने खाली उतरते आणि चौघी शेवटी एका तोंडात मिळतात. गार्थने ती जोडी फडक्याने पुसून मर्लच्या हातात दिली. "ही खास तुझ्या गाडीची. डोळे मिटून बसतील."

त्या नळ्या गार्थच्या गाड्या ओढून आणायच्या ट्रकवरच्या होत्या. इंजिनाची जात तीच, त्यामुळे बोल्टांची भोकं अचूक जुळायची. पण ट्रकला पोट रुंद असतं, त्या नळ्या दोन्ही बाजूंना ऐसपैस फाकलेल्या होत्या. मर्लच्या गाडीत त्या बसणं या जन्मात शक्य नव्हतं. गॅरेजातल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं, आणि ज्याने त्या नळ्या स्वतःच्या हाताने वाकवून जोडल्या होत्या त्या म्हाताऱ्या ओटो क्लेमला तर सगळ्यांच्या आधी. ओटो कोपऱ्यात वेल्डिंग करत होता. त्याने डोळ्यांवरची काळी काच वर केली, एकदा पाहिलं आणि पुन्हा खाली ओढली.

ऑक्टोबरात मर्लने शेडमध्ये चेनपुली लावून जुनं इंजिन काढलं आणि नवं उतरवलं. ते काम त्याने फार सुंदर केलं. कोठारावरची यंत्रं उघडून दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, फक्त कुणी ते कधी बोलून दाखवलं नव्हतं. मग त्याने डावीकडचं हेडर उचललं आणि वरून आत सोडलं. ते अडकलं. फिरवलं, तिरकं केलं, उलटं धरलं. सबंध दिवस गेला.

शनिवारी सकाळी दहाला बर्नाडीनच्या खाणावळीत खिडकीजवळच्या टेबलावर गार्थची बैठक असायची. न्हावी लॉइड, बियाणांचा दुकानदार, आणखी दोघं-तिघं. मर्ल दबकत जाऊन उभा राहिला.

"गार्थ, ते बसत नाही."

"कसं घालतोयस?"

"कसं घालतोय... वरून."

"वरून!" गार्थने कपाळाला हात लावला. "अरे देवा, वरून नाही रे, ती खालून जातात. बस, बस इथे. लॉइड, सरक जरा. बर्नाडीन, मर्लला कॉफी दे, आणि चेरीच्या गोड पाईचा एक तुकडा दे."

मर्ल बसला. एकेचाळीस वर्षांत त्या टेबलावर तो पहिल्यांदा बसला होता.

खालून घालायला गाडी दोन फूट उचलावी लागली. पाठ थंडगार सिमेंटवर, छातीवर नळ्यांचा भार, डोळ्यांत गंज. उजवी बाजू स्टार्टरला अडली, डावी स्टिअरिंगच्या पेटीला. पुढच्या शनिवारी गार्थ म्हणाला, "इंजिन बाहेर काढ, नळ्या त्याला बाहेरच लाव आणि सगळं एकदम उतरव." मर्लने तेही केलं. इंजिन नळ्यांसकट हवेत लोंबत राहिलं, खाली जाईना. मग गार्थ म्हणाला, "चाकावरचे आतले पत्रे काप. मोठं इंजिन म्हणजे थोडी कापाकापी आलीच की."

मर्लने आईच्या गाडीचे पत्रे कापले. कापण्याआधी त्याने हातमोजा काढून त्यावरून एकदा हात फिरवला होता. हेही त्याने टेबलावर सांगितलं, कारण आता त्याला तिथे सगळंच सांगावंसं वाटायचं. लॉइड खोकल्याचं निमित्त करून उठून गेला.

नोव्हेंबर उजाडला तसं शनिवारी दहाला खाणावळीत बसायला जागा मिळेना. आजूबाजूच्या शेतांवरचे लोक यायला लागले. बायका केस सेट करून घ्यायच्या आधी डोकावून जायच्या. मर्ल आला की कुणीतरी म्हणायचं, "काय मर्ल, या आठवड्यात कुठवर?" आणि मर्ल हाताने दाखवत सविस्तर सांगायचा, कुठे अडलं, किती कापलं, कुठे हात सोलला. सगळे कान देऊन ऐकायचे. कुणी मध्येच तोडत नव्हतं, कुणी पोपट म्हणत नव्हतं. त्याने नवी टोपी घेतली. दर शनिवारी दाढी करून जाऊ लागला. आरशासमोर उभा राहून काय सांगायचं ते मनात लावून घ्यायचा. कोठारावरचा मुकादम म्हणाला, "मर्ल, तू चक्क शीळ घालतोयस."

वेल्डाने एकदा जेवताना विचारलं, "तिथे तुला दर शनिवारी कोण बोलावतं?"

"गार्थ बोलावतो. माझी खुर्ची ठेवतात ते."

वेल्डाने त्याच्याकडे पाहिलं, बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं आणि काही बोलली नाही. तिने गप्प बसणं ही नवलाईच होती, पण मर्लच्या ते ध्यानात आलं नाही.

जानेवारीत त्याने गार्थच्या सांगण्यावरून स्टिअरिंगची पेटी उखडून बाहेरच्या बाजूला सरकवली. नळ्या तरीही दोन बोटं अडत होत्या. आता गाडीचा कणाच तेवढा उरला होता, खालची लोखंडी चासी.

"चासीत खाच मार," गार्थ म्हणाला. कॉफीत साखर ढवळत, अगदी शांतपणे.

मर्ल दचकला. "चासीत? गार्थ, चासी कापायची?"

"घाबरतोस काय? सगळे कापतात. तुला धावायचंय की आईसारखं चर्चला जायचंय?"

टेबलावर कुणीच कुणाकडे पाहत नव्हतं. मर्लने आळीपाळीने सगळ्यांचे चेहरे पाहिले. त्याला वाटलं, हे लोक आपल्या काळजीने असे गंभीर झालेत. "बरं," तो म्हणाला.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्याने गॅस कटरने डाव्या बाजूची चासी कापली. नळी अजून थोडी अडली म्हणून आणखी कापली. मग जॅक हळूहळू खाली घेतला. इंजिनाचं सगळं वजन पुढे, आणि खाली ते तोलून धरायला होतं काय, बोटभर लोखंड. आधी करकर आवाज आला. मग गाडीचं नाक डावीकडे बसलं, दार आपोआप उघडलं आणि पुढची काच या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकली. मर्लने जॅक घाईघाईने पुन्हा वर घेतला, पण मोडायचं ते मोडून गेलं होतं. तो बराच वेळ ते दार लावायचा प्रयत्न करत राहिला. ते लागेना.

शनिवारी तो खाणावळीत आला तेव्हा दाढी केलेली नव्हती. तरी खुर्ची ठेवलेली होतीच. भिंतीला टेकून माणसं उभी होती.

"गार्थ, ती खचली," तो म्हणाला. "मी जॅक खाली घेतला आणि... काच पण गेली. आईची... दार लागत नाहीये, गार्थ. आता काय करू?"

गार्थने घोट घेतला, कप खाली ठेवला, ओठ पुसले.

"डावीकडे खचली ना? मग उजवी पण काप. म्हणजे सारखी होईल."

लॉइडच्या नाकातून कॉफी बाहेर आली. त्यानंतर बांधच फुटला. माणसं टेबलं बडवत होती, एक शेतकरी डोळे पुसत भिंतीवरून खाली सरकला, बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होत्या. चार महिने दाबून धरलेलं हसू होतं ते. मर्लही थोडासा हसला. सगळे हसतायत म्हणजे काहीतरी गमतीचं असणार, असं त्याला वाटलं.

बर्नाडीनने कॉफीचं भांडं काउंटरवर आपटलं. "बास करा रे आता! लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला? मर्ल, राजा, त्या नळ्या ट्रकच्या आहेत. पहिल्या दिवसापासून."

"ट्रकच्या आहेत?" मर्ल म्हणाला.

आणि तो पोपटासारखा प्रश्न ऐकून खाणावळ दुसऱ्यांदा कोसळली. आधीपेक्षा जोरात.

मर्लच्या समोर चेरीच्या पाईचा तुकडा होता. काय करावं ते न कळून तो खायला लागला. शेवटच्या घासापर्यंत खाल्ला, बशीतला रस काट्याने गोळा केला. तोवर हसणं कमी झालं होतं आणि लोक त्याच्याकडे पाहत होते. तो उठला, खुर्ची आत सरकवली आणि बाहेर पडला. मागून गार्थ ओरडला, "अरे, रागावू नकोस! पुढच्या शनिवारी ये, कॉफी माझ्याकडून!"

घरी वेल्डा स्वयंपाकघरात होती. तिने त्याचं तोंड पाहिलं आणि हात पुसले.

"कळलं तुला."

मर्लने मान वर केली. "तुला ठाऊक होतं?"

"नोव्हेंबरपासून. लाँड्रीत बायका दुसरं बोलत तरी काय होत्या?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगणार होते. रोज सांगणार होते." वेल्डाचा आवाज चढला, रागानेच. "तू शीळ घालत होतास, मर्ल. आई गेल्यापासून... छे, जन्मात कधी तू शीळ घातली नव्हतीस. मी म्हटलं, आज नको, उद्या. आणि मला काय ठाऊक तू चासी कापशील! इतका गाढव कुणी असतो का?"

मर्ल शेडमध्ये गेला आणि एका डब्यावर बसून राहिला. गाडी मोडली याचं वाईट वाटत होतंच. पण त्याहून जास्त बोचत होतं ते वेगळंच. तो एकेक शनिवार आठवत होता. अमुक दिवशी लॉइडने पाठीवर थाप मारली, तमक्या दिवशी त्या बाईने हात बघून हळहळ केली. सगळे शनिवार उलटे करून पुन्हा पाहावे लागत होते, आणि एकही सुलटा निघत नव्हता.

आठवडाभराने तो ओटो क्लेमच्या घरी गेला. गॅरेजात नाही, घरी. म्हातारा मागच्या अंगणात लाकडं फोडत होता.

"ओटो, तुम्ही केल्या होत्या त्या नळ्या?"

"मीच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

ओटोने कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. "खोटं सांगत नाही. मीही हसलो. दर शनिवारी रात्री बायकोला तुझी नक्कल करून दाखवायचो. तीही हसायची." त्याने नाक पुसलं. "माफी मागतोय असं समजू नकोस. माफीने काय होणार? चासी जुळणार आहे का?"

मर्ल म्हणाला, "माझ्या गाडीत बसतील अशा नळ्या कशा करायच्या, ते शिकवा."

"ती गाडी मेली. भंगारात दे."

"शिकवा."

ओटोने शिकवलं, पण लाड केले नाहीत. मर्लने चुकीचा सांधा मारला की तो हातोडीने तोडून टाकायचा आणि म्हणायचा, "पुन्हा." दोन हिवाळे गेले. आधी चासी. खचलेला भाग जॅकने सरळ करून आतून-बाहेरून जाड पट्ट्या वेल्ड केल्या. मग मर्लने ट्रकच्या त्या नळ्या करवतीने कापल्या. वळणं वेगळी, सरळ तुकडे वेगळे, सगळे जमिनीवर मांडले. सगळ्यांत अडचणीची नळी आधी करायची, ओटो सांगायचा, स्टिअरिंगजवळून जाणारी. ती बसली की बाकीच्या तिच्या मागे येतात. आधी जाड तारेने वळण काढायचं, मग त्या वळणाला मिळेल असा तुकडा शोधायचा. प्लग काढायला पाना शिरला पाहिजे. आणि सगळीकडे बोटभर जागा सोडायचीच, कारण जोर लागला की इंजिन एका बाजूला झुकतं आणि तापली की नळी फुगते. "थंड गाडीत बसली म्हणजे बसली नव्हे," असं ओटो पुन्हा पुन्हा बजावायचा.

ऐंशीच्या एप्रिलमध्ये मर्लने किल्ली फिरवली. आवाज असा निघाला की शेडच्या पत्र्यावरचा गंज झडला. वेल्डा दारात कानांवर हात ठेवून उभी होती. ओटोने नळ्यांच्या सांध्यांवरून हात फिरवत गळती शोधली. सापडली नाही. "माझ्यापेक्षा बऱ्या झाल्यात," तो चिडून म्हणाला आणि घरी निघून गेला.

मे महिन्यातल्या एका रविवारी मर्ल धावपट्टीवर गेला. पिवळं जाकीट न घालता, स्वतःच्या गाडीतून. रांगेत त्याच्या पुढे सहा गाड्या होत्या, मागे दहा-बारा. तपासायला गार्थ, हातात पाटी-पेन्सिल.

"वा वा! मर्ल साहेब! उघडा बघू बॉनेट."

मर्लने उघडलं. गार्थ वाकला आणि पाहतच राहिला. त्या आठ नळ्या कशा एकमेकींना न लागता खाली उतरत होत्या ते त्याच्याइतकं तिथे दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. क्षणभर त्याचा चेहरा बदलला. मग त्याने आजूबाजूला जमलेली माणसं पाहिली. तो गुडघ्यावर बसला, टॉर्च लावून खाली डोकावला आणि हळूच उठला.

"मर्ल, चासीला पट्ट्या कसल्या आहेत?"

"पट्ट्या कसल्या... मजबुतीच्या. पाव इंची. ओटोने तपासल्यात."

"म्हणजे चासी कापलेली आहे."

मर्लने मान हलवली.

"नियम आहे बाबा. कापलेली चासी पट्टीवर चालत नाही. उद्या मोडली तर माझ्या मानेवर." गार्थने पाटीवर फुली मारली. मग मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, अगदी भोळ्या आवाजात विचारलं, "पण कापली कुणी ही?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"मी," मर्ल म्हणाला.

"अरेरे. आणि असला अचरट सल्ला तुला दिला तरी कुणी?"

रांगेतली माणसं गाड्यांवर हात आपटत हसू लागली. मर्लने बॉनेट बंद केलं. रांगेतून गाडी बाहेर काढायला मागच्यांना मागे सरकावं लागलं. एकेकाने हॉर्न वाजवत, हसत वाट करून दिली. फाटकापाशी भुशाची बादली आणि झाडू ठेवलेला होता. एक संयोजक धावत आला. "मर्ल, चाललास कुठे? तेल कोण पुसणार?" मर्लने काच वर केली.

पट्टीवर तो पुन्हा कधी गेला नाही. ती गाडी घेऊन तो रोज कोठारावर कामाला जायचा. गावातले लोक आवाज ऐकून म्हणायचे, सात वाजले. एका रिकाम्या रस्त्यावर, मक्याच्या दोन शेतांमधून, त्याने ती एकदाच पूर्ण वेगाने सोडली होती. वेल्डा शेजारी होती. संपल्यावर ती म्हणाली, "झालं?" तो म्हणाला, "झालं." आणि त्याने गाडी घराकडे वळवली.

ओटो वारल्यावर लोक मर्लकडे यायला लागले. आधी शेजारच्या गावांतून, मग शेजारच्या राज्यांतून. जुन्या गाडीत मोठं इंजिन घातलेली, नळ्या कुठेच बसत नाहीत अशी गाऱ्हाणी घेऊन. मर्ल तारेचं वळण काढायचा आणि महिन्याभराने गाडी परत द्यायचा. बेल्फर्डमधलेही दोघं-तिघं आपल्या गाड्या त्याच्याकडेच देऊ लागले. तो फार बोलत नसे. गिऱ्हाइकाने चहापाण्याच्या गप्पा सुरू केल्या की दिवा लावून गाडीखाली शिरायचा. शनिवारी सकाळी तो घराबाहेर पडत नसे.

गार्थ शहाण्णव साली हृदय बंद पडून गेला. चर्च भरून माणसं आली. गावात कुणी गेलं की जायचं असतं म्हणून मर्ल आणि वेल्डाही गेली, मागून तिसऱ्या बाकावर बसली. नवा पाद्री तरुण होता, गावात येऊन वर्षही झालं नव्हतं. गार्थच्या घरच्यांनी सांगितलेल्या आठवणी त्याने कागदावर उतरवून आणल्या होत्या. गार्थचं मन किती मोठं होतं, तो किती हसवायचा. "आणि ती ट्रकच्या नळ्यांची गोष्ट तर तुम्हाला सगळ्यांना ठाऊकच आहे," पाद्री म्हणाला आणि त्याने ती सांगायला घेतली. वरून घालतोस? खालून जातात. पत्रे काप. चासी काप. "मग गार्थ म्हणाला, उजवी पण काप, म्हणजे सारखी होईल!"

चर्च हसलं. रडता रडता हसलं, मायेने हसलं. गार्थची बायको जॉइस रुमालात तोंड खुपसून हसत होती. आणि एकेक करून लोक मागे वळून मर्लकडे पाहू लागले, कौतुकाने, आता हाही हसेल अशा अपेक्षेने. अठरा वर्षांत ती गोष्ट गावाची लाडकी झाली होती. मर्लला वाटलं, आपल्याला वगळून सगळ्यांनी ती घरोघरी वाढवली आहे, मुलांना शिकवली आहे.

तो उठला. वेल्डाने त्याची बाही धरली, त्याने सोडवली. पाद्रीला वाटलं हा दोन शब्द बोलणार. त्याने हसून मान डोलावली.

"ती माझ्या आईची गाडी होती," मर्ल म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. चार महिने. तुम्ही ऐकायला यायचात. मला वाटायचं तुम्हाला मी आवडायला लागलोय." तो थांबला. "गार्थ मेला याचं मला काहीच वाटत नाही."

तो खाली बसला. ऑर्गन वाजवणारीने घाईने पुढचं गाणं सुरू केलं.

नंतर चर्चच्या तळघरात जेवण होतं. हॅमचे सँडविच, बटाट्याचं सॅलड, अंडी. मर्ल आणि वेल्डा ज्या टेबलावर बसली तिथे आणखी कुणी बसलं नाही. सहा खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जॉइस जवळ येऊन म्हणाली, "आजच्या दिवशी तरी, मर्ल! माणूस गेला आणि तू अजून जुनं उगाळत बसलास. तो सगळ्यांना सांगायचा, मर्ल किती गोड आहे म्हणून." तिच्या मागे उभ्या असलेल्या बायकांनी माना हलवल्या. लॉइड, आता काठी टेकत चालणारा, पलीकडच्या टेबलावरून ऐकू जाईल असं म्हणाला, "थट्टा सहन होत नाही काही लोकांना. मन छोटं असतं."

गावाने त्यानंतर तेच म्हणायचं ठरवलं. मर्ल डिटमर खुनशी आहे. अठरा वर्षं मनात धरून बसला होता. गावातल्या दोघांनी आपल्या गाड्या अर्धवट कामासकट उचलून नेल्या. बाहेरगावचे येत राहिले. लाँड्रीत वेल्डाशी बायका कामापुरतं बोलू लागल्या.

बेल्फर्डमध्ये ख्रिसमसच्या आठवड्यात शेजारी एकमेकांच्या दारात बिस्किटांचे डबे ठेवून जातात. त्या वर्षी डिटमरांच्या पायरीवर एकही डबा आला नाही. वेल्डाने मात्र दर वर्षीसारखी आठ डबे बिस्किटं भाजली, रिबिनी बांधल्या, रांगेने टेबलावर मांडली आणि कोट चढवून दारापर्यंत गेली. मग परत आली, कोट काढला.

"मी नाही जात कुणाच्या दारात," ती म्हणाली. "घे, खा."

बिस्किटं जानेवारी संपेपर्यंत पुरली.